पानाआडचं सातवं फूल

मला गोड बोलता येत नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्येही. तिथे मी ऑपरेटर होते, ट्रंक कॉल जोडून द्यायचे, आणि वर्षातून दोनदा तरी माझ्या नावाने तक्रार यायची की बाई उद्धट बोलतात. आमच्या सुपरवायझर म्हणायच्या, "अगं, चार शब्द गोड बोलायला तुझं काय जातं?" आई मात्र आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, "चेडू तोंडाळ असा माझा, पण खोटा बोलूक जमाचा नाय तिका." ऐंशीनंतरच्या ज्या दोन-तीन हिवाळ्यांबद्दल मी लिहिते आहे, त्यांत या कौतुकाचं काय झालं ते सांगायला मला अजूनही जड जातं.

आम्ही मुलुंडला राहत होतो, डोंगराच्या पायथ्याशी, बैठ्या घरांच्या ओळीतल्या अगदी शेवटच्या घरात. वडील भांडुपच्या कारखान्यात होते, ते गेल्यावर आई आणि मी दोघीच उरलो. दादा लग्नानंतर चेंबूरला गेला होता. आमच्या मागच्या दारातून तीन पायऱ्या उतरलं की जंगल सुरू व्हायचं असं आम्ही म्हणायचो. खरं तर तो वीस-पंचवीस पावलांचा पट्टा होता. चार साग, एक काटेसावर, एक मोईचं वेडंवाकडं झाड, आणि त्यापलीकडे चढ. तो पट्टा कोणाच्या मालकीचा होता ते आम्हाला कधी कळलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

दसऱ्याच्या सुमारास आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, कारण ती दाराच्या चौकटीवर दोनदा आपटली होती. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, बराच पुढे गेलेला आहे. कडेचं दिसणं गेलेलंच आहे, मधलं थोडं शिल्लक आहे. गेलेली नजर परत येत नसते, आहे ती सांभाळायची. थेंब लिहून दिले. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "चष्म्याचो नंबर वाढलो म्हणान सांग सगळ्यांका." मी सगळ्यांना जे होतं तेच सांगितलं, दादालाही.

दादा त्याच रविवारी आला. तो माझ्यासारखा नाही, शांतपणे बोलतो, आणि त्यामुळे त्याचं म्हणणं आधीच ठरल्यासारखं वाटतं. म्हणाला, "आईला मी घेऊन जातो. तुझी ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. ही दिवसभर एकटी. आमच्याकडे वहिनी घरात असते." आई म्हणाली, "माका माझा मागचा दार होया. तुझ्या चेंबुराक मागचा दारच नाय." दादा हसला, पण त्याने विषय सोडला नाही. शेवटी म्हणाला, "इथे तिला जोवर दिसतंय, वावरता येतंय, तोवर राहू दे. नंतर मी कोणाचं ऐकणार नाही."

मी त्याच दिवशी ठरवलं की तिला इथे दिसलं पाहिजे. लोक म्हणायचे, आईसाठी किती करते. मलाही तसंच वाटायचं. आता लिहायलाच बसले आहे तर खरं सांगते. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, माझं लग्न जमलेलं नव्हतं आणि जमेल असं कोणी म्हणतही नव्हतं. आई गेली असती तर संध्याकाळी कुलूप उघडून त्या घरात मी एकटीच शिरणार होते. मला त्याची भीती वाटायची. मला आई हवी होती.

तेव्हा सागाची पानं पिवळी पडायला लागली होती. पावसाळ्यात मागचा पट्टा इतका गर्द की दुपारी दिवा लावावा लागायचा, तिथे आईला काही दिसणं शक्य नव्हतं. उन्हाळ्यात सगळं भाजून निघायचं. पण हिवाळ्यात सागाची आणि सावरीची पानं झडली की ऊन सरळ जमिनीपर्यंत यायचं, दहापासून तीनपर्यंत सगळा पट्टा लख्ख व्हायचा. म्हणजे तिला काही दिसायचं असेल तर ते हिवाळ्यातच, आणि नेमकं तेव्हाच तिथे बघायला काही नसायचं. काटक्या, करड्या फांद्या आणि घोटाभर पाला. त्या उजेडात काहीतरी उभं करायचं होतं.

मी स्टेशनजवळच्या नर्सरीत गेले. माळ्याला म्हटलं, थंडीत फुलणारं द्या. त्याने शेवंतीच्या कुंड्या दिल्या, साल्व्हिया दिला, डेलियाचे कंद दिले. "सब विंटर का है मॅडम, एकदम झकास होगा." पंधरा दिवसांत सगळं मान टाकून बसलं. झाडं निष्पर्ण झाली तरी त्यांच्या मुळांचं जाळं खाली होतंच, त्या माणसाने उघड्या बागेतली रोपं माझ्या गळ्यात मारली होती. मी जाऊन भांडून आले. भांडून शेवंती जगत नाही हे आईने मला सांगितलं.

मग अबोली लावली. अबोलीला सावली चालते आणि आमच्याकडच्या बायकांना अबोलीचं भारी वेड. तीन रोपांना डिसेंबर लागायच्या आत तुरे आले. मी आईला पायरीवर बसवलं आणि विचारलं, "दिसतंय?" तिने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "पालोच दिसता गो." मी जाऊन तिच्या जागी बसले, डोळे बारीक केले, आणि मला कळलं. सागाचा वाळका पाला आणि अबोलीचा रंग यांत तिला फरक करता येत नव्हता. मला तर स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

त्यानंतर मी फुलं बघणं सोडून रंग बघायला लागले. तपकिरी पाल्यावर उठून दिसतील असे दोनच रंग होते, पांढरा आणि पिवळाधमक. पांढऱ्यासाठी कुंद मिळाला. कुंद ऐन थंडीत फुलतो. एक्स्चेंजमधल्या एकीच्या अंगणातून मुळासकट काढून आणला आणि मागच्या तारेच्या कुंपणावर चढवला. आणि पिवळ्यासाठी मोळीवाली धावून आली.

मोळीवाली म्हणजे डोंगरावरच्या पाड्यातली वारली म्हातारी. आठवड्यातून दोनदा लाकडाची मोळी घेऊन आमच्या मागूनच उतरायची आणि पायरीवर टेकून पाणी प्यायची. मी जमीन उकरताना ती बघत होती. म्हणाली, "बाय, विकत कशाला आणतेस? वर कोरांटी माजलीय." दुसऱ्या खेपेला मोळीच्या वर फडक्यात बांधून तिने काटेकोरांटीची नऊ रोपं आणली, मुळाला माती तशीच. पिवळी जर्द फुलं आणि पानांच्या बगलेत सुईसारखे काटे. ती मी पायऱ्यांसमोर एका ओळीत लावली. जाता जाता ती म्हणाली, "पाला काढू नको हां. पाला हाय तर ओल हाय."

आईला हे अजिबात पटलं नाही. ती कोकणातल्या भातशेतीतली. तिच्या लेखी जमिनीवर पाला, काटक्या, शेणी पसरून, पेटवून भाजावळ केली नाही तर ती जमीनच नव्हे. "भाजल्याशिवाय जमीन काय देना नाय," हे ती दिवसातून एकदा तरी म्हणायची. मी म्हणायचे, "अगं, इथे भात पेरायचाय का?" ती म्हणायची, "शिमगो जाव दे, मगे भाज." पालाही राहिला आणि वादही.

एक झाड मात्र लावावं लागलं नाही. चढावर एक कांडोळ होता, पांढऱ्या सालीचा. त्याच्यासमोर करवंदीची जाळी माजली होती. ती मी दोन रविवार कोयत्याने तोडली आणि तो पायऱ्यांवरून नीट दिसायला लागला. आई आधी चिडली. "भुताचा झाड दारासमोर उघडा केलंस!" आमच्याकडे कांडोळाला भुत्या म्हणतात, अंधारातही तो पांढरा दिसतो म्हणून. पण दोन दिवसांनी तीच म्हणाली, "असां दे. तां बरा दिसता." सकाळी चहा घेताना ती त्याच्या दिशेला तोंड करून बसायची.

मार्गशीर्षात कोरांटी फुलायला लागली आणि आमच्या घरातला सगळ्यात चांगला महिना सुरू झाला. माझी सकाळची ड्यूटी असायची. मी नळावर पाणी भरून, दूध घेऊन यायचे तोवर आई उठून मागच्या पायरीवर बसलेली असायची. मी दारात पाय ठेवला की सांगायची, "आज तीन." मी वाकून मोजायचे. तीनच असायची. कधी पाच, कधी चार. एकदाही चूक नाही. मी डॉक्टरांना सांगितलं, थेंब लागू पडले. डॉक्टर तपासणीच्या कागदावर काहीतरी लिहीत राहिले. तेव्हा मला त्यांचाही राग आला होता.

याच दिवसांत आईच्या बोटांच्या टोकांना बारीक बारीक टोचल्याच्या खुणा दिसायला लागल्या. मी विचारलं, "हे काय?" म्हणाली, "गोधडी शिवतंय." मी ओरडले, "तुला सुईत दोरा ओवता येतो का? कशाला नसते उद्योग!" मी सुया उचलून वरच्या फळीवर ठेवल्या. खुणा तरीही येत राहिल्या. मला वाटलं, हिने कुठूनतरी दुसरी सुई मिळवली.

दादा मध्ये एकदा येऊन गेला. तो संध्याकाळी आला होता, मागे अंधार पडला होता आणि फुलं मिटलेली होती. त्याने बॅटरी मारून पाहिलं. "हे काय जंगल करून ठेवलंयस? एवढा पाला, साप निघेल एखादा. हिचा पाय घसरला तर वाट लागेल." मी म्हटलं, "तिला दिसतं. ती रोज फुलं मोजते. सकाळी येऊन बघ." तो म्हणाला, "ठीक आहे, संक्रांतीनंतरच्या रविवारी सकाळी येतो. खरंच दिसत असेल तर पुन्हा चेंबूरचं नाव काढणार नाही. शब्द." आई मध्येच म्हणाली, "तू ये तर खरो."

त्या रविवारच्या आदल्या दिवशी मी दोनला घरी आले. आई जेवून पुढच्या खोलीत झोपली होती, वडिलांचा मफलर कानाला बांधून. मी मागे जाऊन उभी राहिले. कोरांटीवर बऱ्याच कळ्या तयार होत्या. पण तो पाला! सागाचं एकेक पान सुपाएवढं. माझ्या डोक्यात दादाचं एकच वाक्य बसलं होतं, साप निघेल. म्हटलं, फुलं दिसायच्या आधी त्याला हा पालाच दिसणार. मी खराटा घेतला, पाला ओढून मोईच्या झाडाखाली ढीग केला आणि काडी लावली. आई कायम म्हणतेच आहे की भाज, तर भाजू या, एका दगडात दोन पक्षी.

भाजावळ कशी करतात हे मी आईच्या तोंडून फक्त ऐकलं होतं, केली कधीच नव्हती. आधी सगळीकडून कड झाडून मोकळी करायची, वारा पडल्यावर पेटवायचं आणि हातात ओली टहाळी घेऊन शेवटपर्यंत उभं राहायचं. यातलं मी काहीच केलं नाही. भर दुपारी पेटवलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले. डोंगरावरून एक झुळूक आली असणार. मी बाहेर आले तेव्हा पेटलेली पानं उडून पायऱ्यांपर्यंत आली होती आणि खाली राहिलेला बारीक पाला धुमसत पुढे सरकत होता. मी पिंपातल्या पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या. पाचेक मिनिटांत विझलंही. पण कोरांटीची ओळ संपली होती. नऊ काळे खुंट, वीतभर उंचीचे. कुंदाची खालची अर्धी पानं करपली होती, वर चारदोन फुलं तशीच होती.

आईने उठल्यावर विचारलं, "धूर कसलो?" मी म्हटलं, "बाजूच्यांनी पाला पेटवलाय." थंडीत आमच्या ओळीत कोणी ना कोणी रोज पाला जाळायचंच, त्यामुळे तिने पुढे काही विचारलं नाही. मला खोटं बोलता येत नाही म्हणणाऱ्या माझ्या आईने माझं पहिलं खोटं असं सहज पचवलं. रात्रभर मी विचार करत होते की सकाळी तिने पाहिल्यावर काय सांगायचं. दादाला काय सांगायचं हाही प्रश्न होताच, पण मला दादापेक्षा आईची भीती वाटत होती.

सकाळी मी पाणी भरायला गेलेच नाही. ती उठून मागच्या दाराकडे निघाली तशी मी आडवी आले. "दव पडलंय, पायऱ्या ओल्या आहेत. दादा आला की बस." ती म्हणाली, "असां काय करतंस? जरा जावन येतंय." मी तिला हाताला धरून परत बसवलं. ती अस्वस्थ होती. दोन-तीनदा उठली. मला वाटलं, दादा येणार म्हणून.

साडेआठला दादा आला. आईने त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. त्याचा हात धरून मागच्या दारात नेलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. मी चहाचे कप घेऊन मागे उभी होते. मनात म्हटलं, आता हिला दिसेल, आता ही माझ्यावर ओरडेल, आणि झालं, सगळं संपेल. बाहेर ऊन आलं होतं. समोर काळी, ओली जमीन आणि नऊ खुंट.

आईने हात लांब केला. "बघ रे झिला, कशी पिवळीधमक दिसतत."

दादाने समोर पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कप खाली ठेवले. आईचा चेहरा इतका खुशीत होता की मी तसा तो वडील गेल्यापासून पाहिला नव्हता.

"बोल की. दिसतत ना?"

"हो गं आई," दादा म्हणाला. "मस्त आहेत."

"किती असत? मोज बघू."

दादा थांबला. मग त्याने खरोखर पायरीवर उतरून, वाकून मोजल्यासारखं केलं. "सहा."

"सात असतली. काल सात कळ्ये तयार हुते. एक खाली असा, पानाआड. नीट बघ."

दादा आणखी वाकला. माझ्याकडे पाठ होती त्याची. "हो, आहे," तो म्हणाला. "सात."

चहा झाल्यावर तो स्वयंपाकघरात आला. खालच्या आवाजात म्हणाला, "कधीपासून?" मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं." "तू तिच्याबरोबर राहतेस." मी कप विसळायला घेतले. "आणि ते काय जाळलंयस?" मी विसळत राहिले. तो म्हणाला, "तिला काही बोलू नकोस. पुढच्या रविवारी बघू." तो गेला. त्या एका सकाळी त्याने इतकं कमी बोलून मला जितकं सुनावलं तितकं कोणीच सुनावलेलं नाही.

मला शहाणपण असतं तर मी त्याचं ऐकलं असतं. पण मला राग आला होता. आईचा, कारण तिने महिनाभर मला फसवलं. दादाचा, कारण त्याला किती सहज गोड बोलता आलं. आणि माझा तर विचारूच नका. आई अजून उंबऱ्यावरच बसली होती, समाधानाने. मी तिचा हात धरला, तिला तीन पायऱ्या उतरवल्या, खाली बसवलं आणि तिची बोटं राखेत टेकवली.

तिने हात मागे घेतला नाही. बोटांनी राख चाचपली. मग हात पुढे सरकवला, एक खुंट सापडला, तिथून दुसरा. किती अंतरावर किती रोपं आहेत हे त्या बोटांना पाठ होतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोज मी पाण्याला गेले की ती खाली उतरत होती आणि एकेक कळी हाताने चाचपून मोजत होती. सुई कधी नव्हतीच. ते काटे होते.

नवव्या खुंटापाशी ती थांबली. "मगे तेना सात कित्याक म्हटल्यान?"

"दादा तुझ्यासाठी तसं म्हणाला," मी म्हटलं.

तिने बोटांवरची राख अंगठ्याने चोळली. मग म्हणाली, "आणि तू माका हय कित्याक हाडलंस?"

मी तिला तिथे का आणलं, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. आजही येत नाही. मी रडायला लागले, मोठ्याने, लहान पोरीसारखी. तिने राखेचा हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मी विचारलं, "कधीपासून दिसत नाही?" म्हणाली, "दिवाळीपासून फुलां नाय दिसत. तां पांढरा झाड दिसायचा. आता तांय नाय." मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "सांगलंय असतंय तर तो माका व्हरून गेलो असतो. आणि तू हय एकटी काय केलं असतंस?"

मी मघाशी लिहिलं की मला आई हवी होती. मला वाटायचं, हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. तिला ते पहिल्यापासून माहीत होतं. त्या घरात मी एकटी पडू नये म्हणून ती आंधळी बाई थंडीत अनवाणी त्या पायऱ्या उतरत होती आणि काट्यांत हात घालून फुलं मोजत होती.

पुढच्या रविवारी तिने स्वतःच दादाला सांगितलं, येतंय म्हणून. मी विनवण्या केल्या, नोकरी सोडते म्हटलं. ती म्हणाली, "नोकरी सोडू नको. आता रोज खोटा बोलूचो माका कंटाळो इलो." ती चेंबूरला गेली. मी संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरायला लागले. सवय होते असं लोक म्हणतात. मला फार उशिरा झाली.

पावसाळ्यात त्या नऊ खुंटांतून सात फुटले. मोळीवाली म्हणाली, "कोरांटी चिवट जात हाय बाय, मरत नाय." पुढच्या थंडीत ती आधीपेक्षा जास्त फुलली. मी सकाळी ड्यूटीला निघण्याआधी खाली उतरायचे आणि डोळे मिटून बोटांनी मोजायचे. टोचायचं. रविवारी चेंबूरला गेले की आई आधी माझा हात हातात घ्यायची, माझ्या बोटांची टोकं चाचपायची आणि मग विचारायची, "किती?" मी खरा आकडा सांगायचे. नऊ. बारा. चौदा. एकदा मी फांदी तोडून घेऊन गेले, तर म्हणाली, "हाडू नको. थयच असां दे."

त्यानंतरच्या वर्षी आमच्यामागे भिंत बांधायला घेतली. डोंगराची माती खाली येऊ नये म्हणून, असं सांगत होते. कार्तिकातच चर खणला. मी ड्यूटीवर होते. परत आले तेव्हा सागांपैकी दोन आडवे पडले होते आणि कोरांटीच्या जागी कमरेएवढा खड्डा होता. भांडायला कोणीच नव्हतं, कामगार निघून गेले होते. मी त्या ढिगाऱ्यात हाताने शोधलं. एकही रोप सापडलं नाही.

भिंतीचं काम पुढे कित्येक आठवडे चाललं. मी आईला त्यातलं काहीच सांगितलं नाही. मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी चेंबूरला गेले. ती गॅलरीत खुर्चीवर बसली होती. तिने माझा हात घेतला, नेहमीसारखी एकेक बोट चाचपत गेली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आणि पुन्हा उलट.

"किती?"

"अकरा," मी म्हटलं. "एक पानाआड आहे. ते धरलं तर बारा."

तिने माझी बोटं सोडली नाहीत. गुळगुळीत होती ती, एकही खूण नव्हती. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाली, "आता जमूक लागला गो तुका."